शालिकरामचा ‘बसला’

सोमवार, २६ नोव्हेंबर २००७. हवा गार. नळ साडेसहाला आला. शालिकरामच्या कॉम्प्युटर-चाचण्या आज सुरू. तिसऱ्या फेरीला आवाज आला: ‘बसला’. त्यापुढे मी लिहिले: चांगला.

हा शालिकराम माझा भाडेकरू, चाळिशीचा. वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत मुकादम होते. हा कॉम्प्युटर दुरुस्तीत रमला. मुलींच्या शाळेत त्याने आठ कॉम्प्युटर लावून दिले, त्यांत जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी प्रणाली घातली. तीन वर्षे तक्रार नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत नवी आवृत्ती टाकली आणि पेनड्राइव्ह काढला की कॉम्प्युटर गोठू लागला. मुख्याध्यापिका पुष्पलताबाईंनी गुरुवारपर्यंत मुदत दिली. नाही तर सगळे काढून दुसरे घालणार. मग गावात शालिकरामला कोण बोलावणार?

“नेमकं होतं काय?” मी विचारले.

“काकू, कर्नल मंजे प्रणालीचा गाभा, आतला मुकादम. गडी, मंजे पेनड्राइव्ह, घरी निघून गेला, तरी हा त्याचं नाव पुकारून राह्यला. जवाब येत नाही, तं सारं काम थांबवते.”

“मग जुनंच घाल ना.”

“जुन्यात शाळेचा नवा प्रिंटर चालत नाही जी.”

दोन आवृत्त्यांमध्ये शंभरावर बदल होते. मधल्या बदलापर्यंतचा कर्नल तयार करायचा, पेनड्राइव्ह लावून काढायचा. ठीक चालला तर दोष पुढच्या निम्म्यात, गोठला तर मागच्या. सात फेऱ्यांत एकच बदल उरतो. एका फेरीला दोन तास, वर भारनियमन. शाळेचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता, कर्नल तयार करणारा मागे माझ्याजवळ. तो तिकडून ओरडायचा, मी इकडे ‘गुड’ किंवा ‘बॅड’ टाइप करायची आणि वहीतही लिहायची. कॉन्व्हेंटमधले टायपिंग पन्नास वर्षांनी कामी आले याचा मला थोडा तोराही चढला होता.

मंगळवारी संध्याकाळी शेवटचा बदल उरला. तो निघाला कुठल्याशा टीव्ही कार्डाचा, जे शाळेत नव्हतेच. शालिकराम डोके धरून माझ्या ओट्याजवळ बसला.

“वही पाहा बरं, काकू.”

मी वाचत गेले. “तिसरी फेरी. बसला. चांगला.”

“चांगला काहून?”

“तूच ओरडलास, बसला! मला वाटलं, पेनड्राइव्ह नीट बसला.”

“अवो काकू, कॉम्प्युटर बसला! धंदा बसते तसा!”

मला फार लाज वाटली. तो मात्र हसत सुटला. “हिंदीत ‘अटक गया’ ओरडलो असतो तं बरं झालं असतं. तुमी शब्दन् शब्द लिहिला म्हणून चूक सापडली तरी.”

तिसरीचा निकाल सुधारून पुढच्या चार फेऱ्या बुधवारी पुन्हा केल्या. या वेळी तो ‘गोठला’ म्हणायचा. चार वाजता अकरा ओळींचा बदल हाती आला. तेवढाच मागे घेऊन आम्ही पेनड्राइव्ह चाळीस वेळा लावला आणि काढला. मी मोजत होते. एकदाही गोठला नाही. ज्या परदेशी माणसाचा तो बदल होता, त्याला शालिकरामने पत्र लिहिले. इंग्रजी मी तपासले.

गुरुवारी पुष्पलताबाईंनी आठही कॉम्प्युटरांवर स्वतः पेनड्राइव्ह उपटून पाहिला. म्हणाल्या, “राहू द्या हेच.”

रात्रीची नोंद: शालिकराम जेवायला होता. चिन्नोर तांदूळ संपत आला, तांदूळवाल्या महागूला सांगायचे.