कणगीवरचा पंजा

आज सुनेने अंगण सारवलं. ओल्या शेणाचा वास आला आणि मी सापगावच्या माहेरी, बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात जाऊन पोचले.

बाबांच्या गळ्यात कर्करोगाची गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. पेजही उतरत नव्हती, आवाज बसत चालला होता. जागरणांनी आई आणि मी इतक्या शिणलो होतो की रडूही येत नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी आईला शेणमाती कालवायला लावली. भिंत धरत धरत ते बियाण्याच्या कणगीपाशी गेले आणि तिचं तोंड स्वतः लिंपू लागले, थांबत, धापा टाकत.

"ठेवा, आमी लिंपतो," आई म्हणाली.

"नाय. माज्या बाराव्याला भाऊबंद हेच भात कांडायला काढतील. पंगत उठून जाईल. मंग पाऊस लागला की रोपांसाठी राबात काय पेरशील गो?"

ओल्या लिंपणावर त्यांनी उजवा पंजा दाबला आणि तिथेच बसून राहिले. मला रागच आला. मरायला टेकलेल्या माणसाला भाताची कसली चिंता! आता माझं वय त्यांच्यापुढे गेलंय. बोलायला आपण नसू, हे ते धरूनच चालले होते.

बाराव्याला चुलते टोपली घेऊन कणगीपाशी गेले. वाळलेल्या पंज्यासमोर जरा वेळ उभे राहिले आणि रिकामी टोपली घेऊन परत आले.

त्या दिवशी पंगत नागलीच्या भाकरीवर उठली.