दुसरा कांदा

ट्रॅक पँटच्या खिशाला कच्च्या कांद्याचा वास आला की मला आम्ही राहतो त्या भेस्तानचं ते मैदान आठवतं. मी पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करत होते. मुलीने पहाटे अंधारात एकटीने जायचं नाही, म्हणून कापडाच्या लूमवरची रातपाळी संपवून वडील घरी येईपर्यंत मी थांबायचे. आम्ही मैदानावर पोचेपर्यंत आठ वाजायचे आणि बुटातूनही माती तापलेली कळायची. खानदेशातल्या सगळ्यांसारखा वडिलांचाही कांद्यावर भरवसा. ऊन लागू नये म्हणून निघताना ते एक कांदा माझ्या खिशात घालायचे, एक स्वतःच्या. मी फेऱ्या मारायचे आणि ते माझी पाण्याची बाटली धरून उन्हातच उभे राहायचे. सावलीत बसा म्हटलं तर जागचे न हलता म्हणायचे, "तू पय, मी आठेच शे." एका सकाळी सातव्या फेरीला वळले तर ते आडवे पडलेले. अंग नुसतं भाजत होतं, ओठ सुकलेले, आणि बाटली भरलेलीच. दवाखान्यात सलाईन लावल्यावर दुपारी डोळे उघडून त्यांनी पहिलं विचारलं, "फेऱ्या पुऱ्या व्हयन्यात का?" संध्याकाळी कपडे धुवायला काढले तेव्हा माझ्या खिशातून दोन कांदे निघाले, एक माझा आणि एक त्यांचा, निघताना त्यांनी गुपचूप माझ्याच खिशात घातलेला. आता मी ऊन यायच्या आत एकटीच पळून येते, मध्ये थांबून पाणी पिते. वडील अडवत नाहीत. त्यांची आता दिवसपाळी असते, उन्हातच कामावर जावं लागतं. निघताना मी खुंटीवरच्या त्यांच्या शर्टाचा खिसा चाचपते, आणि त्यात कांदा ठेवूनच दार ओढून घेते.