पायाला हात लावू नका

आमचे मालिशचे सर पहिला महिनाभर तेलाच्या बाटलीला हात लावू देत नसत. राजवाड्याच्या मागे दोन जिने चढून क्लास होता. आम्ही मोठ्या उत्साहानं बाह्या सरसावून जायचो, तर हे म्हणायचे, "भिया, आधी एकमेकांची नाडी धरा. आत काय चाललंय ते कळलं नाही, तर वरून रगडून काय भुट्टे भाजणार?" मुलगी असो की मुलगा, त्यांना सगळे भिया, म्हणजे भाऊच.

रक्ताचा प्रवास ते संसारासारखा सांगत. हृदय म्हणजे चार खोल्यांचं घर. उजवीकडे वापरलेलं रक्त येतं, फुप्फुसात स्वच्छ होतं, डावीकडे परततं आणि तिथून अंगभर जातं. "धमनीतलं रक्त आपलं आपण धावतं. पायाच्या शिरांमधलं मात्र जावयासारखं असतं, मागून ढकलल्याशिवाय हलत नाही. शिरांत झडपा असतात, म्हणून तुमचा हात नेहमी हृदयाकडे!" कुणी चुकून मांडीवरून खाली पावलाकडे जोर लावला, की सर ओरडायचे, "अरे यार, उलटं कुठं पाठवतेस? घर वरती आहे!"

थट्टा बंद व्हायची ती एकाच धड्याला. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी दिसली, की तेल झाकून ठेवायचं आणि माणसाला दवाखान्यात पाठवायचं. आत गुठळी असू शकते. ती सुटली तर सरळ उजव्या खोलीत आणि तिथून फुप्फुसात. "तिथं अडकली, की खेळ खतम. पेशंट रडो, पाया पडो, हात लावायचा नाही." हे सांगताना ते एकेकाच्या डोळ्यांत बघायचे.

गुरुपौर्णिमेला आमच्याकडे हारतुरे नसत. सर टेबलावर आडवे व्हायचे आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं त्यांचे पाय चेपायचे. हीच सेवा, हीच परीक्षा. डोळे मिटून ते नुसत्या हातावरून नाव ओळखायचे. माझा हात लागला की म्हणायचे, "आली आमची घाईवाली." मला त्याचा कोण अभिमान!

या वर्षी पाठीच्या ऑपरेशननंतर सर शहराबाहेर राऊ गावात, आपल्या घरी खाटेवर पडून होते. गुरुपौर्णिमेच्या दुपारी मी पेढे घेऊन गेले. चेहरा पार उतरलेला. मला बघताच म्हणाले, "बरं झालं आलीस. डावा पाय चेप ग. सकाळपासून जीव जातोय." मी चादर बाजूला केली. डावी पोटरी टम्म, कातडी ताणलेली, हात जवळ नेला तरी ऊब लागत होती.

"सर, हे... तुम्हीच..."

"माहीत आहे मला! पण दुखतंय ना भिया. हळूच. एकदाच."

मी हात पाठीमागे बांधले. रडत रडत नाही म्हणाले. सर चिडले. "आज गुरुपौर्णिमा, आणि मीच शिकवलेलं मलाच ऐकवतेस? चालती हो!" मग भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे कण्हत राहिले. देवा, कुणावर अशी वेळ येऊ नये. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. त्या कॉलनीतल्या गल्ल्या सगळ्या सारख्या, ड्रायव्हरला घर सापडेना. मी सरांच्या बायकोला, काकूंना बजावलं, "काकू, काही झालं तरी पायाला हात लावू नका," आणि त्याला आणायला खाली धावले.

वर आले तेव्हा सर शांत होते. मला वाटलं, कळ ओसरली. रस्त्यात त्यांना एकाएकी धाप लागली. माझं मनगट घट्ट धरलं आणि दवाखान्याच्या दारातच ते सुटलं. माझ्याशी शेवटचं बोलले ते "चालती हो."

तेराव्याला माणसं पांगल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांच्या पुढ्यात ताट वाढलेलं, तसंच. त्यांची सून म्हणाली होती, बाबा गेल्यापासून आई चहावरच आहेत.

"तू खाली गेलीस ना, तेव्हा मी थोडे चेपले ग," काकू म्हणाल्या. "बघवेना मला. 'बरं वाटलं' म्हणाले. हसलेसुद्धा." मग माझा हात धरला. "त्यानं तर नाही ना काही झालं? तू शिकलेली आहेस. तूच सांग."

माझ्या डोळ्यांसमोर पोटरीपासून फुप्फुसापर्यंतची सगळी वाट उभी राहिली. त्यानंच झालं की नसतं चेपलं तरी झालं असतं, हे आता कोण सांगणार? आणि सांगून करायचं काय?

"छे हो काकू! तेवढ्यानं काय होतंय?"

"खरं ना?"

"सरांची शपथ."

त्यांनी माझा हात सोडला. मग ताट पुढे ओढलं आणि वरणभाताचा एक घास तोंडात घातला.