पिकअप मी निवडले, उंची मी ठरवली नव्हती

गेल्या हळदीच्या मांडवात आम्ही वाजवले, तेव्हापासून आमच्या माण गावात एक कथा फिरते आहे. म्हाताऱ्याने हट्टाने चुकीचा पिकअप आणला आणि कान गेल्यामुळे भर मांडवात गिटार बेसूर वाजवली, अशी ती कथा. सांगणारे मांडवात हजर होते, हे मला मान्य आहे. पण जेवणाच्या पंक्तीतून जेवढी गिटार दिसते तेवढीच त्यांनी पाहिली. ती माझ्या गळ्यात होती.

पिकअप मीच निवडले, यात खोटे काही नाही. गिटारच्या तारांखाली चुंबकाभोवती बारीक तारेची गुंडाळी बसवलेली असते. ती तारांचे कंपन पकडून स्पीकरकडे धाडते. तोच पिकअप. लग्ना-हळदीत वाजवणाऱ्या आमच्या पार्टीत पुतण्या लीड वाजवतो, मी रिदम, आणि कीबोर्ड आमच्या खोलीत भाड्याने राहणारा एक इंजिनिअर. ढोल आणि जनरेटरच्या घरघरीपुढे साधे पिकअप टिकत नाहीत, म्हणून दोन्ही गिटारींना जोरदार पिकअप हवेत, येथवर आमचे एकमत होते.

पुतण्याला दोघांसाठी एकाच जातीचे पिकअप हवे होते. मी नकार दिला. लीडवाला एका वेळी एक सूर काढतो. त्याला मधला आवाज भरदार हवा, सूर लांबला पाहिजे; थोडा फाटला तरी शोभतो. रिदमवाला सहाही तारा एकदम छेडतो. लीडचा पिकअप त्याला दिला, तर खरजाचा चिखल होतो आणि कॉर्ड, म्हणजे सुरांची जुळणी, कोणती तेच कळत नाही. त्याला जोर हवा, पण खरज आवळून धरणारा, कडक चुंबकाचा.

“काका, रिदम ऐकतंय कोण?” पुतण्या दुकानातच म्हणाला. “लोकं लीडवर नाचत्यात.”

“तुझं लीड बंद पडलं तर लोक शिट्ट्या मारतील,” मी म्हणालो. “माझं बंद पडलं तर त्यांचे पाय थांबतील.”

दुकानदार हसला आणि मी सांगितलेले दोन निरनिराळे पिकअप त्याने काढून दिले.

पुतण्या गिटारकडे आला तो बेंजो पार्टीतून. आमच्याकडच्या बेंजोवाल्यांची रीत अशी, की पिकअप तारांना टेकेल इतका वर घ्यायचा. जितका जवळ, तितका आवाज. हळदीच्या सकाळी त्याने माझ्या गिटारचे स्क्रूही त्याच रीतीने पिळले. काकांचा आवाज दबू नये म्हणून, असे तो आता सांगतो, आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण कडक चुंबक इतका जवळ आला, की तो जाड तारांना खाली ओढतो. मोकळी तार सुरात वाटते. वरच्या पट्टीवर बोट दाबले, की एका तारेतून दोन सूर थरथरू लागतात.

माझी चूक एवढीच, की पहिल्याच गाण्यात ती थरथर ऐकूनही मी खुंट्यांवर संशय घेतला. प्रत्येक गाण्यानंतर त्या पिळत राहिलो. लोकांनी नेमके तेच पाहिले. पिकअप तारांना टेकलेला मला दिसला तो घरी आल्यावर.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, फुडच्या वाजवायच्या सुपारीला तुमी खुर्चीवर बसा. तुमाला मान द्यायचाय.”

मानाची खुर्ची पुढे सरकली, की हातातले काढून घेणार हे ओळखावे. दाराची बेल मला पूर्वीसारखी ऐकू येत नाही, हे मी लपवत नाही. पण बारीक आवाज कमी ऐकू येणे वेगळे आणि सूर न कळणे वेगळे. मी इंजिनिअरला सूर मोजणारा ट्यूनर घेऊन बोलावले. त्या यंत्राला वय नसते.

“अंकल, ओपन एकदम परफेक्ट,” गिटारला ट्यूनर अडकवून तो म्हणाला. “आता वर दाबा. अरे, सुई थांबतच नाही!”

“तार जुनी आसंल,” पुतण्या म्हणाला.

“परवा तूच नवी बसवलीस.”

मी स्क्रू सैल करून पिकअप खाली उतरवला. तीच तार, तेच बोट. सुई जागच्या जागी उभी राहिली.

“दादा, हा तुमचाच बग निघाला,” इंजिनिअर खो-खो हसत म्हणाला.

पुतण्या उखडला. “मंग मांडवातच का न्हाई बोलला तुमी?”

“स्क्रू पिळताना तू मला विचारलं होतंस?”

त्याने स्वतःची गिटार जवळ ओढली. मग म्हणाला, “माझा ऱ्हाऊ दे तसाच. मला बारीक तारांवर काम हाय.” ते मी मान्य केले, बारीक तारांना चुंबक तितका छळत नाही. खुर्चीचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही. मारुंजीच्या सुपारीत मी अखेरपर्यंत उभा राहून वाजवले.

गावातली कथा तरीही तशीच राहिली. परवा पौडच्या एसटी स्टँडवर आमचा एक सोयरा भेटला. “काय दाजी, कान बरं झालं म्हणं?”

“आजारी नव्हते,” मी म्हणालो.

सोबत आलेला पुतण्या मोबाइलमधून डोके वर न काढताच बोलला, “पिकअप मी चढवला हुता. काकांचा सूर बरोबर हुता.”

एवढ्यात एसटी लागली आणि सोयरा जागा धरायला धावला. त्याने अर्धे ऐकले की सगळे, ठाऊक नाही. म्हणून सगळे येथे लिहिले आहे. ज्याला माझी चूक काढायची असेल, त्याने गिटार घेऊन यावे.