पालाची शिवण

रिसोडला धान्य बाजाराच्या रस्त्यावर उकंडरावांचं ताडपत्रीचं दुकान आहे. त्या दुकानाच्या ओट्यावर सोनीबाई राठोड एकतीस वर्षांपासून बसते. सोयाबीनचे ढीग झाकायच्या ताडपत्र्या, ट्रकवरच्या ताडपत्र्या, लग्नाचे मंडप, जे फाटेल ते तिच्याकडे येतं. हातात दाभण, शेजारी मेणाचा गोळा आणि उजव्या पंजावर चामड्याची एक पट्टी. पट्टीच्या मधोमध पत्र्याची टिकली बसवलेली आहे. दाभण जाड कापडातून पार करायचा तर या टिकलीनं त्याला रेटा द्यावा लागतो. ही पट्टी तिच्या आईची. आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, मुक्काम कापडी पालात; फाटलेलं पाल आई याच पट्टीनं शिवायची. सोनीबाईचा जन्मही मेहकर रस्त्याच्या कडेला एका पालातच झाला.

मी इथल्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो, येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. शिरपूरचा रविकांत हा माझा जुना विद्यार्थी. पुण्यातला शीतगृहांचा धंदा विकून तो मोकळा झाला होता. दोन वर्षं लहान होड्यांवर शिडाचं शिक्षण घेतलं होतं आणि आता त्याला स्वतःचं मोठं शिडाचं जहाज घ्यायचं होतं. त्यावर राहायचं आणि पाहुण्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवायचं, असा त्याचा बेत. जहाजाची ही त्याची पहिलीच खरेदी. गोव्यात दोन जहाजं त्याच्या नजरेत भरली होती. निवड होईना म्हणून तो माझ्याकडे आला. मी सवयीप्रमाणे तक्ता केला. चौतीस ओळी, दोन रकाने.

पहिलं जहाज ब्याऐंशी फुटांचं. चार खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र स्नानघर, बटण दाबलं की शीड वर. दुसरं बहात्तर फुटांचं, वीस वर्षं जुनं, खोल्या तीन, लाकडी तळ जागोजागी बदललेला. पहिल्याला पाच माणसं लागतात, दुसरं तिघांत चालतं. पहिल्याचा पाण्याखालचा भाग इतका खोल की लहान खाड्यांत ते शिरणार नाही. हे सगळं लिहूनही रविकांतचं मन पहिल्याकडेच झुकत होतं. मोठं होतं, झळकत होतं.

रिसोडला शाळेत असताना रविकांतला सोनीबाईनं उरलेल्या कापडाचं दप्तर शिवून दिलं होतं. म्हणून तिला भेटायला आम्ही ओट्यावर गेलो. जहाजांची रंगीत पुस्तकं तिच्यापुढे ठेवली. तिनं खोल्यांचे फोटो पाहिलेच नाहीत. शिडाच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "याची शिवण कोनं पाह्यली?"

कोणीच पाहिली नव्हती. माझ्या चौतीस ओळींत शिवणीची ओळ नव्हती.

आत गल्ल्यावर बसलेले उकंडराव हसले. आठवड्यापूर्वीच त्यांनी तिला सांगितलं होतं की दिवाळीला ताडपत्री उष्णतेनं चिकटवायचं यंत्र येतंय, ते ओट्यावर बसेल, तेव्हा तिनं दुसरीकडे बघावं. आता ते म्हणाले, "बाई, हे काही सोयाबीनचा ढीग झाकाचं काम नोहे. समुद्र हाय तो. तू पाह्यला तरी काय?"

"समुद्र नाही पाह्यला," सोनीबाई म्हणाली. "दोरा पाह्यला." मग रविकांतकडे वळली. "रवी, मले घेऊन चाल. माही पारख खोटी निघाली तं दिवाळीची वाट पाहत नाही, आल्याबरोबर ओटा सोडतो. खरी निघाली तं मले कोनं उठवाचं नाही. उकंडराव, कबूल?"

गिऱ्हाइकांसमोर उकंडराव कबूल म्हणाले. म्हणायलाच लागलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं रविकांतच्या गाडीनं गोव्याला पोचलो. दिवाळी दहा दिवसांवर होती. दलाल खाडीच्या धक्क्यावर उभाच होता, पांढऱ्या कपड्यांतला, हिंदी बोलणारा. जहाजावर चढण्याआधी त्यानं सगळ्यांना बूट काढायला सांगितले. सोनीबाईच्या चपला गाडीतच होत्या. अंथरलेल्या कापडाच्या जवळपासही ती चपला घालून जात नाही.

दलालानं आधी खोल्या दाखवल्या, संगमरवर दाखवला, दिवे दाखवले. सोनीबाई वर डोलकाठीपाशीच थांबली. शेवटी दलाल वर आला आणि तिच्याकडे पाहत जरा मिश्किलपणे म्हणाला, माताजी, हे आमचे दोन्ही पाल, एकच हंगाम वापरलेले. हिंदीत शिडाला पाल म्हणतात, हे तिला माहीत नव्हतं.  मी कानात अर्थ सांगितला.

"पाल?" ती म्हणाली. "मी पालातच जलमली. पाल कवा फाटते थे मले सांगू नोका."

पुढचं शीड दोरासारखं गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याची बाहेरची कड उन्हात राहते. तिनं त्या कडेच्या शिवणीवर अंगठ्याचं नख एकदाच ओढलं. दोऱ्याचा भुसा झाला. मग दोन बोटांनी कापड ताणलं आणि वीतभर शिवण टर्रकन उसवली. दलाल ओरडला की नुकसान कोण भरणार, ही बाई कोण, हिच्याजवळ कुठलं प्रमाणपत्र आहे.

सोनीबाईनं आवाज चढवला नाही. "कपडा चांगला हाय. दोरा मेला. उन्हानं आधी दोरा मरते, कपडा मागून. या दोऱ्यानं पाच उन्हाळे खाल्ले असन. एक नाही."

रविकांतनं शिडांच्या खरेदीची पावती मागितली. दलाल सापडत नाही म्हणाला. रविकांत धक्क्यावर बसून राहिला, पावती मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाला. दुपारी पावती आली. तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

मी तक्ता काढला. चौतीसपैकी अकरा ओळी केवळ दलालाच्या तोंडच्या शब्दांवर भरलेल्या होत्या. त्या अकराही ओळींवर मी आडवी रेघ मारली. मग पस्तिसावी ओळ घातली, 'शिवण'. तपासणाऱ्याच्या जागी लिहिलं, सोनीबाई राठोड, ताडपत्री शिवणारी, रिसोड. दलालाला ते वाचून दाखवलं. त्याला काय वाटलं ते विचारायची गरज नव्हती.

दुसरं जहाज पलीकडच्या धक्क्याला होतं, दुसऱ्या माणसाचं. त्याची शिडं राखाडी, डागाळलेली. रविकांतचं तोंड पडलं. सोनीबाईनं नख ओढलं, दोरा हलला नाही. जुन्या शिवणीशेजारी नवी शिवण घातलेली होती, हातानं, सारख्या अंतरावर. कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे लावलेले होते. खाली एका फळीमागे तिला कापडी पिशवी सापडली. त्यात दाभण, मेण आणि चामड्याची एक पट्टी होती, मधोमध धातूची टिकली बसवलेली.

तिनं ती पंजावर चढवली. अगदी बसली. कुठल्याशा परदेशी खलाशाची असावी. आईची पट्टी तिनं आपल्या पिशवीतून काढली आणि दोन्ही हात आमच्यापुढे धरले.

"हे घे रवी," ती म्हणाली. "याचा मालक सोता शिवाले बसत होता."

तरीही रविकांतनं घाई केली नाही. स्वतंत्र तपासनीस बोलावून जहाज पाण्याबाहेर काढलं, दोन दिवस तळापासून ठोकून पाहिलं. दोन किरकोळ दोष निघाले. त्यानं तेच घेतलं. निघताना त्यानं सोनीबाईला विचारलं, उन्हासाठी जहाजावर ताणायचं मोठं छत शिवून देशील का. तिनं एकच अट घातली. शिवीन, पण रिसोडला, माझ्या ओट्यावर.

दिवाळीच्या चार दिवस आधी ती दुकानात पोचली तेव्हा यंत्राची पेटी ओट्यावर येऊन पडली होती. उकंडरावांनी बातमी ऐकली होती. ते म्हणाले, "नाव घेतली त्यानं. त्यात तुह्यं काय गेलं आन् काय आलं? मशीन तं आली."

 सोनीबाईनं गोव्याहून आणलेलं जहाजाच्या छताचं कापड गाडीतून उतरवलं, चाळीस फूट लांब, आणि ओट्याच्या एका टोकापासून उलगडायला सुरुवात केली. पेटीपाशी आली तेव्हा थांबली.

"ही आत ठेवा."

"आत उजेड नाही," उकंडराव म्हणाले.

"मशीनले उजेड लागत नाही. मले लागते."

गल्ल्यासमोर तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातली दोन कबुलीच्या दिवशीही होती. उकंडरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हमालाला हाक मारून पेटी आत सरकवली. कापड त्यांच्या खुर्चीपर्यंत येऊन टेकलं होतं.

"खुर्ची मागं घ्या," सोनीबाई म्हणाली, "आन् चपला काढा. कपडा हाय."

त्यांनी काढल्या. तिनं आईची पट्टी पंजावर चढवली आणि दोऱ्याला मेण लावायला बसली.