बारावी जर्सी

त्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक थंडीत आला आणि आमच्या पेठेत एका परदेशी खेळाडूवरून रोज भांडणं लागायला लागली. तो माणूस आमच्यापैकी कुणी टीव्हीशिवाय बघितलेला नव्हता. तरी चौकात त्याचा दुमजली घराएवढा फ्लेक्स लावलेला, आणि वर्गणी द्यायला कुणी कुरकुर केली नव्हती. प्रश्न साधा होता. वय चाळिशीकडं झुकलं, पळणं कमी झालं. तर त्याच्या देशाच्या संघात त्याला पहिल्या अकरांत खेळवायचं, की बाकावर बसवायचं?

तालमीसमोरच्या चहाच्या गाड्यावर सकाळी सकाळी हा खटला चाले आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असे. "बसवा की त्येला! नावावर किती दिवस खेळणार? टीम काय त्येच्या घरची हाय?"

मी असा ओरडत असताना आमचे दाजी दोन हात अंतरावर बशीतनं चहा पीत उभे असायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या तालमीच्या संघाचे फॉरवर्ड, दहा नंबर. वय अडतीस. दिवसा फौंड्रीत काम आणि संध्याकाळी मैदान, असं वीस वर्षं चाललेलं. त्यांचा गोल बघायला शेजारच्या पेठेतली माणसंसुद्धा यायची, आमच्यावर खार खाऊन का होईना. मी त्यांच्याच संघात बचावाला खेळायचो, आणि बेतास बातच खेळायचो. एकदा फायनलला माझ्या पायाला लागून बॉल आमच्याच गोलमध्ये गेला. आम्ही हरलो. पेठेनं मला सोलून काढलं असतं, पण दाजी मदतीला मागं आलेले होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बॉल माझ्या पायाला लागला." महिनाभर त्यांनी शिव्या खाल्ल्या. खरं काय ते आम्हां दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आता मी संघाचा कोच होतो. आणि दाजींचे गुडघे गेले होते.

हे मला बहिणीनं सांगितलं. "घरात जिना उतरताना कठडा धरून आडवं उतरत्यात. रोज तेल लावून लावून माझी बोटं दुखाय लागली," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक दिवस त्यांना बसवावं लागणार, ते मला बी कळतंय. पण बाहेरच्या कुणाकडनं कळाय नको. तू सांग. तोंडावर सांग."

"सांगतो की," मी म्हणालो.

तीन आठवडे गेले. मी काही सांगितलं नाही. रोज ठरवायचो आणि रोज त्या परदेशी माणसावर घसरायचो. माझा हिशेब असा की, दाजी शहाणे आहेत, ऐकतील, उमजतील आणि आपण होऊन बाजूला होतील. म्हणजे मला वाईट व्हायला नको. आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःला मोठा धोरणी समजत होतो.

मॅचच्या सकाळची आमच्या तालमीची एक रीत आहे. पहिल्या अकरा जणांच्या जर्सी मारुतीच्या पायाशी ठेवायच्या. नारळ फुटला की ज्यानं त्यानं आपापली उचलायची. बाकीच्यांच्या जर्सी दाराजवळच्या पिशवीत. नावं कुणी वाचत नाही. कोचला तोंड उघडावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

हंगामाच्या पहिल्या मॅचला मी पहाटेच तालमीत गेलो. मारुतीपुढं अकरा जर्सी मांडल्या. दहा नंबरची घडी घातली आणि पिशवीत टाकली, वरून दोन टॉवेल टाकले. फॉरवर्डला बावीस वर्षांचा एक पोरगा घेतला होता, त्याची अठरा नंबरची जर्सी पुढं ठेवली. मग बर्फ आणतो म्हणून तिथनं सटकलो. जर्सी शोधणारे दाजी मला बघायचे नव्हते.

परत आलो तेव्हा सगळे जमले होते. नारळ फुटला होता. एकेकानं वाकून जर्सी उचलली. शेवटी मारुतीपुढं दोन उरल्या. एक अठरा आणि एक दहा.



तालमीची झाडलोट करणारे आमचे म्हातारे वस्ताद खुशीत म्हणाले, "अरं, काय डोस्कं हाय का तुझं? दहा नंबर पिशवीतच राहिल्ता. टॉवेल काढताना गावला. मी ठेवलाय म्होरं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. दहा नंबर पिशवीत असू शकतो, हे पेठेतल्या कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. अठरा नंबरचा पोरगा पुढं आला, थबकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दाजींनी सगळ्यांच्या हातातल्या जर्सी बघितल्या, उरलेल्या बघितल्या. मनात मोजल्या असाव्यात. मग माझ्याकडं वळले.

"बारा झाल्यात, पावणं," ते म्हणाले. "एक जास्त हाय. कुठली, ते सांगा की."

एरवी ते मला अरेतुरे करायचे. मी बर्फाची पिशवी घेऊन उभा, पाणी माझ्या चपलेवर ठिबकतंय. वस्तादांवर ढकलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"तुमची, दाजी," मी म्हणालो. "तुमची जास्त हाय."

त्यांनी मान हलवली. वाकताना गुडघ्यावर हात ठेवला, अठरा नंबर उचलून त्या पोराच्या हातात दिला. मग दहा नंबर उचलला, स्वतःच पिशवीपाशी नेला आणि तिथंच उभं राहून अंगात घातला. माझ्याजवळनं जाताना हळूच म्हणाले, "तीन आठवडं त्या बिचाऱ्याला शिव्या घालत बसलास. त्येनं काय घोडं मारलंय तुझं?"

मॅच बरोबरीत सुटली. दाजी पूर्णवेळ माझ्या शेजारी बाकावर बसून होते. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. लोक त्यांच्या नावाचा गजर करत होते, तेव्हा मात्र ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिले. मला फार वाईट वाटलं. त्यांना खेळवावं असं मात्र वाटलं नाही.

संध्याकाळी बहिणीनं जेवायला बोलावलं होतं. ताटं वाढून झाल्यावर तिनं दाजींना विचारलंच, "खेळला न्हाईसा म्हणं? कसं कळलं तुम्हाला?"

माझा घास हातातच राहिला.

दाजी भाकरी मोडत म्हणाले, "पावण्यानं कालच सांगितलं. बाजूला घेऊन, नीट समजावून. भला माणूस हाय तुझा भाऊ."

बहिणीनं माझ्याकडं मायेनं बघितलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.