एकाच हाताचे दोन अर्ज

माले गावात मी शाळामास्तर होतो, तेव्हा मुळशीच्या धरणाचं काम चालू होतं. रस्त्यानं सामानाच्या गाड्या सारख्या जात-येत आणि वाटेवरच्या आमच्या गावाला एकाएकी महत्त्व आलं होतं. मी राहत होतो त्या आळीच्या तोंडाशी गावकीची एक मोकळी जागा होती. दुपारी तिथं गुरं उभी असत, संध्याकाळी बायका धान्य पाखडत. त्या जागेवर एकाच महिन्यात दोन मागण्या आल्या. पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींच्या कामासाठी सरकारला कचेरी थाटायची होती, आणि पुण्याच्या एका व्यापाऱ्याला तिथंच दुकानांची ओळ काढायची होती.

गावात दोन तट पडले. मीठ आणि घासलेटासाठी पौडापर्यंत पायपीट का करावी, असं दुकानवाल्यांचं म्हणणं. कचेरीवाले म्हणत, साहेब गावात बसला की रस्ता सुधारतो, गावाला मान येतो. नीट अर्ज लिहिणारा गावात मी एकटाच. आधी कचेरीवाले आले, त्यांना लिहून दिला. दुसऱ्या दिवशी दुकानवाले आले, त्यांनाही नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर त्यांचा अर्ज जरा जास्तच रंगला.

आठ-दहा दिवसांनी पौडचे महालकरी, म्हणजे त्या भागाचे अंमलदार, घोड्यावरून जागा पाहायला आले. चावडीत बसून त्यांनी दोन्ही अर्ज वाचले आणि मला बोलावून घेतलं.

"मास्तर, दोन्हींवर अक्षर तुमचंच आहे. यातलं तुमचं मत कोणतं?"

सगळा गाव माझ्याकडं बघत होता. उत्तर शोधायला लागलो तेव्हा कळलं, की मला मतच नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की त्या जागेला लागून जिचं दार आहे, तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

ते दार एका विधवा बाईचं होतं. थोडी शेती, घरात लग्नाच्या वयाच्या दोन मुली. महालकरी उठून थेट तिच्या ओट्यापाशी गेले. ती पदर सावरून उंबऱ्याच्या आत उभी राहिली. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मीठ मी पौडावनं आणीन, सायब. पर दुकान म्हंजी दिस मावळल्यावर बी बापय हितं बिड्या फुकत बसनार. कचेरीला सांजंला कुलूप तरी लागतंय."

कचेरी आळीजवळ आणि दुकानं ओढ्यापलीकडं फाट्यावर, असं ठरलं. व्यापाऱ्याला फाटा उलट जास्तच मानवला.

आपण मोठं शहाणपणाचं काम केलं, असं मला वाटलं. कचेरीचा खरोखरच काही गोंगाट नव्हता. पण ज्यांच्या जमिनी जाणार ती माणसं पहाटे घरून निघून येत आणि कारकून हाक मारीपर्यंत बाईच्या ओट्यावर बसून राहत. मोठ्यानं कुणी बोलत नसे. कुणी म्हातारा कागदाची घडी उलगडायचा, बघायचा, पुन्हा घालायचा. शाळेत जाताना ते दिसलं की माझा पाय उचलत नसे. बिड्या, गाड्या, गलका या सगळ्याचा विचार झाला होता. याचा कुणीच केला नव्हता.

एकदा मी बाईला म्हणालो, की माझ्यामुळं तुमच्या दारात हे आलं. ती तेव्हा ओट्याच्या कडेला पाण्याचा रांजण टेकवत होती.

"तरास न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "बसू द्या त्यास्नी. घरं चालल्यात त्यांची."

पावसाळा तोंडावर आला तसं तिनं ओट्यावर गवताचं छप्पर घालायला काढलं. एक दिवस मीही हात लावायला गेलो. गवत मुलींनी आधीच कापून आणलं होतं. कचेरी पुढं दोनेक वर्षं तिथं होती. गावं उठत गेली तशी माणसं मात्र हळूहळू येईनाशी झाली.